न मरणारा जमीनदार : मध्ययुगीन युरोपातील मठ आणि समाज

पश्चिम युरोपात सहाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतच्या हजार वर्षांत अनेक राज्ये उदयास आली आणि लयास गेली, शहरे ओस पडून पुन्हा वसली, राजघराण्यांची नावे बदलली. या सगळ्या उलथापालथीत ज्या मोजक्या व्यवस्था अखंड टिकून राहिल्या, त्यांच्यात ख्रिस्ती मठाचे स्थान फार वरचे आहे. मठ म्हणजे विवाह, खाजगी मालमत्ता आणि स्वतःच्या मर्जीने वागण्याचे स्वातंत्र्य या तिन्हींचा त्याग करून, एका लिखित नियमावलीनुसार आणि एका मठाधिपतीच्या आज्ञेत एकत्र राहणाऱ्या पुरुषांचा अथवा स्त्रियांचा समुदाय. असे अनेक मठ जेव्हा एकाच नियमावलीने व एकाच मध्यवर्ती सत्तेने बांधले जात, तेव्हा त्यांना मिळून धर्मसंघ म्हटले जाई. संसार सोडलेल्या माणसांची ही संस्था संसारी समाजाच्या शेतीत, शिक्षणात, न्यायदानात आणि व्यापारात इतकी खोलवर कशी शिरली, हा मध्ययुगाच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर केवळ भक्तिभावात शोधून भागत नाही. मठ हा असा मालक होता की ज्याला मरण नव्हते. त्याला वारस नव्हते, म्हणून त्याच्या जमिनीच्या वाटण्या होत नसत. त्याची कागदपत्रे एका पिढीबरोबर हरवत नसत, आणि त्याने सुरू केलेले काम शंभर वर्षांनीही त्याच पद्धतीने चालू राहत असे. मठांनी समाजावर केलेले उपकार आणि लादलेला जाच या दोन्हींचे मूळ याच चिरस्थायित्वात आहे.

ख्रिस्ती वैराग्याची सुरुवात युरोपात नव्हे, तर इजिप्तच्या वाळवंटात झाली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अँटनी नावाचा तरुण आपली शेतीवाडी सोडून एकांतात राहू लागला आणि त्याच्यामागून अनेक जण वाळवंटात गेले. पुढच्या पिढीतील पकोमियस हा पूर्वाश्रमीचा सैनिक होता. त्याने या एकेकट्या तपस्व्यांना एका आवारात, एका वेळापत्रकाखाली आणि एका प्रमुखाच्या हाताखाली आणले, आणि एकांतातील तपश्चर्येचे सामूहिक मठजीवनात रूपांतर केले. ही पद्धत पश्चिमेकडे पोचली तेव्हा रोमन साम्राज्याची घडी विस्कटत चालली होती. इटलीतील नुर्सिया येथे इ. स. ४८० च्या सुमारास जन्मलेल्या बेनेडिक्टने ५२९ च्या सुमारास रोम व नेपल्स यांच्या दरम्यानच्या मॉन्ते कासिनो या टेकडीवर मठ स्थापला आणि त्याच्यासाठी एक नियमावली तयार केली. तिच्या काही भागाला एका आधीच्या अनामिक नियमावलीचा आधार आहे. तरीही तिच्यातील मापात राहण्याची वृत्ती बेनेडिक्टची स्वतःची आहे, आणि नियमावली युरोपभर स्वीकारली गेली ती याच वृत्तीमुळे.

ही ७३ प्रकरणांची नियमावली वाचताना एखाद्या जाणत्या कुटुंबप्रमुखाच्या व्यवहारी शहाणपणाची आठवण होते. प्रत्येकाला दिवसाला सुमारे अर्धा किलो भाकर, जेवणात दोन शिजवलेले पदार्थ, म्हणजे एक न मानवणाऱ्याला दुसरा खाता यावा, आणि मोजून वाइन. चार पायांच्या प्राण्याचे मांस फक्त अगदी अशक्त आजाऱ्याला. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा आठ प्रार्थना, आणि त्यांत आठवड्याभरात बायबलमधील दीडशे स्तोत्रांचे संपूर्ण पठण. उरलेल्या वेळेत काही तास हाताने श्रम आणि काही तास वाचन, कारण रिकामपण हा आत्म्याचा शत्रू आहे अशी बेनेडिक्टची धारणा होती. कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या कोठावळ्याने मठातील साधी भांडी व अवजारेही वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकीच जपावीत, महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलावून वयाने सर्वांत लहान असलेल्याचेही मत ऐकावे, दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत तो साक्षात ख्रिस्त आहे असे मानून करावे, अशा तरतुदी तीत आहेत. मठात येणाऱ्याने तीन प्रतिज्ञा करायच्या असत : मठाधिपतीचे आज्ञापालन, मठाच्या रीतीप्रमाणे आयुष्य पालटणे, आणि मरेपर्यंत त्याच मठात राहणे. यांतील तिसरी प्रतिज्ञा सामाजिक दृष्टीने सर्वांत परिणामकारक ठरली, कारण तिच्यामुळे एकाच जागी पिढ्यानपिढ्या साठत जाणारे ज्ञान आणि मनुष्यबळ निर्माण झाले. शिवाय ज्या समाजात शारीरिक श्रम हे गुलामांचे काम समजले जाई, तेथे सरदाराच्या मुलाच्या हाती कुदळ देणारी ही शिस्त होती. अर्थात ही स्थिती सर्वकाळ टिकली नाही; नवव्या-दहाव्या शतकापर्यंत बहुतेक मोठ्या मठांतील शेतीचे काम कुळे आणि भूदास, म्हणजे जमिनीशी बांधलेले व ती सोडून जाण्याचे स्वातंत्र्य नसलेले शेतकरी, करू लागले होते आणि मठवासी मुख्यतः प्रार्थना व लेखन करीत होते.

नवव्या शतकाच्या आरंभी सम्राट शार्लमेन आणि त्याचा मुलगा लुई यांनी आपल्या साम्राज्यातील मठांना बेनेडिक्टची नियमावली सर्वत्र लागू करण्याचा प्रयत्न केला. त्या काळचा एक आराखडा आज स्वित्झर्लंडमधील सेंट गॅल येथील मठाच्या ग्रंथालयात आहे, आणि आदर्श मठाची कल्पना कशी होती हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही. हा आराखडा रायखेनाऊच्या मठात तयार करून सेंट गॅलचा मठाधिपती गोत्सबर्ट याच्याकडे पाठवण्यात आला होता. चर्मपत्राचे, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्याचे, पाच तुकडे एकमेकांना शिवून केलेल्या सुमारे ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७ सेंटिमीटर रुंद पृष्ठावर लाल शाईने सुमारे चाळीस इमारती रेखाटल्या आहेत. मधोमध चर्च, त्याला लागून आच्छादित वऱ्हांड्यांनी वेढलेले चौकोनी अंगण, भोवती निजण्याचे दालन, भोजनगृह आणि कोठार. त्यापलीकडे बाहेरच्या मुलांसाठी शाळा, आजाऱ्यांसाठी रुग्णालय, वैद्याचे घर, उपचार म्हणून रक्त काढण्याची स्वतंत्र इमारत, यात्रेकरू व गरिबांसाठी धर्मशाळा आणि श्रीमंत पाहुण्यांसाठी वेगळे घर. मग भट्टी, मद्य गाळण्याची जागा, कारागिरांची दालने, गोठे, मेंढवाडे, कोंबड्यांची खुराडी. वैद्याच्या घराजवळील औषधी बागेत सोळा वाफे आखलेले आहेत आणि प्रत्येक वाफ्यात वनस्पतीचे नाव लिहिलेले आहे. त्यांत गुलाब, पुदिना आणि लिली यांच्याबरोबर मेथी, जिरे आणि बडीशेप आहे. भाजीच्या बागेत कांदा, लसूण, कोथिंबीर, मुळा आणि कोबी यांचे वाफे आहेत. दफनभूमीतच फळझाडे लावण्याची योजना आहे. हा आराखडा जसाच्या तसा कोठेही बांधला गेला नाही. तरी मठ म्हणजे केवळ प्रार्थनास्थळ नसून एक छोटे स्वयंपूर्ण नगर होय, ही तत्कालीन समजूत त्यातून निर्विवादपणे दिसते. शहरे जेथे खालावली होती त्या प्रदेशांत आजारी माणसाला, वाटसरूला किंवा शिकू इच्छिणाऱ्या मुलाला जाण्यासारखे ठिकाण बहुधा हेच होते.

मठांच्या सर्व कामांत ग्रंथलेखनाचे कार्य आधुनिक वाचकाला सर्वांत जवळचे वाटते, पण त्यामागचा खर्च सहसा लक्षात घेतला जात नाही. ग्रंथ चर्मपत्रावर लिहिले जात. वासराचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस व मांस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवले की त्यापासून मोठ्या ग्रंथाची जेमतेम दोन-चार पाने निघत. इंग्लंडच्या ईशान्य भागातील वेअरमथ-जॅरो या जोडमठात आठव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण बायबलच्या तीन प्रचंड प्रती तयार झाल्या. त्यांपैकी जी एक प्रत आज फ्लॉरेन्समध्ये आहे, तिची हजाराहून अधिक पाने आहेत, वजन सुमारे ३४ किलो आहे आणि तिच्यासाठी सुमारे पाचशे वासरांची कातडी लागली असावीत असा अंदाज आहे. याचा अर्थ असा की जनावरांचे कळप, ते पोसणारी कुरणे, आणि वर्षानुवर्षे लिहीत बसण्याइतकी उसंत असलेली माणसे ज्याच्याकडे आहेत, तोच ग्रंथ करू शकत होता. त्याच मठात ७३५ मध्ये निधन पावलेला बीड हा विद्वान वाढला. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत रूढ होण्यात त्याच्या ग्रंथांचा वाटा फार मोठा आहे. पुढे शार्लमेनच्या काळात मठांच्या लेखनशालांत एक सुटसुटीत, गोलसर आणि वाचायला सोपे असे वळण घडवले गेले, ज्यापासून आजच्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांची ठेवण आली. प्राचीन लॅटिन साहित्याचा जो भाग आज शिल्लक आहे, त्यातील बहुतेक ग्रंथांच्या उपलब्ध प्रती या नवव्या शतकातील व त्यानंतरच्या मठांतील नकलांवरूनच आलेल्या आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ग्रंथांचे काही भाग अकराव्या शतकात मॉन्ते कासिनो येथे केलेल्या एकाच हस्तलिखितामुळे वाचले. मठवासीयांना या बिगरख्रिस्ती ग्रंथांबद्दल नेहमीच आस्था होती असे नाही, कित्येक जुनी पाने खरवडून त्यांवर स्तोत्रेही लिहिली गेली. परंतु जे टिकले ते बव्हंशी त्यांच्या कपाटांत टिकले.

एवढी कुरणे आणि शेते मठांकडे आली कोठून, हा प्रश्न यातून ओघाने येतो. राजे, सरदार आणि लहानसहान जमीनमालक यांनी ती दान दिली, आणि त्यामागे एक देवाणघेवाण होती. तलवारीवर जगणाऱ्या सरदाराला आपल्या पापांची जाणीव होती, पण चर्चने सांगितलेले दीर्घ प्रायश्चित्त घेणे त्याला शक्य नव्हते. अशा वेळी त्याच्या वतीने, आणि त्याच्या मृत आईबापांच्या वतीने, अखंड प्रार्थना करणारा समुदाय त्याच्याच मुलखात असणे हे त्याच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने अत्यंत उपयुक्त होते. मठवासीयांच्या प्रार्थनेला त्या समाजात शेतकऱ्याच्या नांगराइतकेच आणि सैनिकाच्या शस्त्राइतकेच आवश्यक काम मानले जाई, हे समजून घेतल्याशिवाय मध्ययुगीन दानपत्रांचा अर्थ लागत नाही. त्याच्या जोडीला कौटुंबिक सोयही होती. जमिनीची वाटणी टाळण्यासाठी धाकट्या मुलांना आणि हुंडा परवडत नसलेल्या मुलींना मठात देण्याची प्रथा पडली, आणि बाराव्या शतकापर्यंत अगदी लहान मुलांनाही असे अर्पण केले जाई. आयुष्यभराचा निर्णय दुसऱ्याने घेतलेली ही मुले मठांच्या इतिहासातील एक दुखरी बाजू आहे.

दानाच्या या व्यवस्थेने गाठलेले शिखर म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील क्लूनीचा मठ. ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम याने ९१० च्या सुमारास तो स्थापताना आपला व आपल्या वंशजांचा त्यावरील सर्व हक्क सोडला आणि मठ थेट पोपच्या संरक्षणाखाली ठेवला. स्थानिक सरदार आणि बिशप या दोघांच्याही हस्तक्षेपातून मुक्त झालेल्या क्लूनीने दीर्घायुषी व कर्तबगार मठाधिपतींच्या काळात शेकडो मठ आपल्या अधिकाराखाली आणले. त्यांपैकी ह्यू याने १०४९ पासून ११०९ पर्यंत तब्बल साठ वर्षे कारभार केला. २ नोव्हेंबरचा सर्व मृतात्म्यांचा दिवस, जो आज वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक कुटुंबांत पाळला जातो, तो क्लूनीचाच मठाधिपती ओदिलो याने आपल्या मठांत सुरू केलेल्या प्रथेतून रूढ झाला. १०८८ मध्ये बांधायला घेतलेले क्लूनीचे तिसरे चर्च सुमारे १८७ मीटर लांब होते आणि सोळाव्या-सतराव्या शतकात रोममध्ये नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगतात त्याहून मोठे चर्च नव्हते. त्याच्या खर्चाचा मोठा भाग स्पेनमधील लिओन-कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो याने कबूल केलेल्या वार्षिक दोन हजार सुवर्णनाण्यांच्या देणगीतून येत होता, आणि ते सोने त्याला दक्षिणेकडील मुस्लिम राज्यांकडून खंडणीरूपाने मिळत होते. हा ओघ आटला तसा क्लूनी कर्जात रुतला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते चर्च दगडांच्या खाणीसारखे विकले गेले आणि आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे.

क्लूनीच्या वैभवाला मठजीवनातूनच विरोध झाला. १०९८ मध्ये मोलेमचा मठाधिपती रॉबर्ट काही सहकाऱ्यांसह सितो या दलदलीच्या जागी गेला, आणि तेथे बेनेडिक्टच्या नियमावलीचे अक्षरशः पालन करण्याच्या निश्चयातून सिस्टर्शियन संघ जन्माला आला. न रंगवलेल्या लोकरीचा पांढरट झगा, सजावटरहित चर्च, वस्तीपासून दूरची जागा आणि पुन्हा हाताने श्रम, ही त्याची ओळख. १११५ मध्ये क्लेअरव्हॉचा मठाधिपती झालेल्या बर्नार्डच्या प्रभावी वाणीमुळे हा संघ इतक्या वेगाने पसरला की ११५३ मध्ये तो वारला तेव्हा सिस्टर्शियन मठांची संख्या साडेतीनशेच्या घरात गेली होती. या संघाची घटना राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक मठ आपल्या कारभारात स्वतंत्र असे, परंतु मूळ मठाचा प्रमुख आपल्या शाखेची वार्षिक तपासणी करी आणि सर्व मठाधिपती दरवर्षी सितो येथे सभेसाठी जमत. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतच्या संस्थांना एका लिखित सनदेने बांधणारी अशी सभा त्या काळी कोणत्याही राजाकडे नव्हती. त्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा म्हणजे अशिक्षित शेतकरी वर्गातून आलेले श्रमबंधू. हे व्रतस्थ असत, पण त्यांना मठाच्या मुख्य प्रार्थनेत व निर्णयांत स्थान नसे, आणि ते दूरच्या शेतवाड्यांवर राहून जमीन कसत, मेंढ्या राखत, पाणचक्क्या चालवत. मठांनी नद्यांचे प्रवाह वळवून त्यांच्या बळावर धान्य दळले, लोकरीचे कापड कुटून घट्ट केले आणि लोखंड ठोकले. बर्गंडीतील फोंतने येथे मठाच्या आवारातील बाराव्या शतकाच्या अखेरचा लोहारकामाचा कारखाना अजून उभा आहे. यॉर्कशरमधील फाउंटन्स आणि रिव्हो या मठांची लोकर फ्लँडर्स आणि इटलीच्या व्यापाऱ्यांना जाई. मात्र एकांतासाठी निर्जन जागा हवी म्हणून, किंवा मेंढ्यांसाठी सलग कुरण हवे म्हणून, काही ठिकाणी नांदती खेडी उठवली गेली, हेही नोंदवले पाहिजे. गरिबीचे व्रत घेतलेल्या संघाला त्याच्या काटकसरीनेच श्रीमंत केले : उत्पन्न वाढत होते, खर्च करायचा नव्हता, आणि उरलेल्या पैशातून आणखी जमीन येत होती.

मठाच्या चिरस्थायित्वाचे दोन्ही चेहरे एकाच व्यक्तीच्या आयुष्यात पाहायचे असतील तर लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट ऑल्बन्सच्या मठाचा इतिहास वाचावा. वॉलिंगफर्डचा रिचर्ड हा एका लोहाराचा मुलगा. लहानपणी पोरका झाल्यावर वॉलिंगफर्डच्या मठप्रमुखाने त्याला आसरा दिला, ऑक्सफर्डला शिकायला पाठवले, आणि १३२७ मध्ये तो सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती झाला. जन्मावर सर्व काही ठरणाऱ्या समाजात लोहाराच्या मुलाला इतक्या उंचीवर नेणारी दुसरी वाट जवळपास नव्हती. रिचर्ड असाधारण गणिती होता. ठरावीक वेळी प्रार्थनेला उठण्याची गरज मठांना शतकानुशतके होती, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील चर्च व मठांत यांत्रिक घड्याळे दिसू लागली होती. रिचर्डने त्यापुढे जाऊन सूर्य व चंद्राची गती आणि लंडन ब्रिजपाशी येणारी भरती दाखवणारे खगोलीय घड्याळ रचले आणि त्याच्या दातेरी चाकांचे गणित ग्रंथात लिहून ठेवले. चर्चची दुरुस्ती रखडलेली असताना घड्याळावर इतका खर्च का, असे राजा तिसऱ्या एडवर्डने विचारले तेव्हा, चर्च दुरुस्त करणारे मठाधिपती माझ्यामागून पुष्कळ येतील पण हे यंत्र पुरे करणारा येणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याची नोंद मठाच्या बखरीत आहे.

याच रिचर्डने गावकऱ्यांची धान्य दळायची जाती जप्त केली. मठाच्या हद्दीतील प्रत्येकाने आपले धान्य मठाच्याच चक्कीवर दळावे आणि त्याची दळणावळ मठाला द्यावी, हा मठाचा सरंजामी हक्क होता. तो चुकवण्यासाठी लोक घरोघरी हातजाती वापरत होते. १३२७ च्या उठावात गावाने मठाकडून काही सवलती मिळवल्या होत्या, त्या रिचर्डने काही वर्षांतच परत काढून घेतल्या आणि जमा केलेल्या जात्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या दालनात फरशीसारखे बसवून टाकले. रिचर्ड १३३६ मध्ये दुर्धर रोगाने वारला. फरशी मात्र तशीच राहिली, आणि गावही ती विसरले नाही. १३८१ च्या जून महिन्यात इंग्लंडभर शेतकऱ्यांचे बंड पेटले, तेव्हा विल्यम ग्राइंडकॉब याच्या नेतृत्वाखाली सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले, मठाच्या हक्कांची कागदपत्रे जाळली, ते दगड उखडून त्यांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये रविवारी आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटतात त्याप्रमाणे एकमेकांना घरी नेण्यासाठी वाटले. ही हकिगत त्या मठातील बखरकार थॉमस वॉल्सिंगहॅम यानेच, बंडखोरांविषयी पूर्ण तिटकारा बाळगून, लिहून ठेवली आहे, आणि म्हणूनच ती विश्वासार्ह आहे. पुढच्याच महिन्यात राजा आला, ग्राइंडकॉबला फाशी झाली आणि मठाचे हक्क पूर्ववत झाले. मठाऐवजी एखादा माणूस जमीनदार असता तर पन्नास वर्षांत त्याची मुले आपसात भांडली असती, एखाद्याने हक्क विकला असता, एखाद्याला कागद सापडला नसता. मठाच्या बाबतीत यांतले काहीच घडत नसे. इंग्लंडमध्ये १०८६ च्या जमीनपाहणीनुसार सुमारे चौथा हिस्सा जमीन चर्चच्या निरनिराळ्या संस्थांकडे होती, ही वस्तुस्थिती या संदर्भात फार बोलकी आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने मठाचा विचार वेगळ्या कसोटीवर करावा लागतो. विवाह, बाळंतपणे आणि नवऱ्याच्या घरची सत्ता यांच्याबाहेर जगण्याची, लिहिण्यावाचण्याची आणि स्वतः कारभार करण्याची संधी स्त्रियांना जर कोठे होती तर ती धर्मभगिनींच्या मठात, आणि तीही प्रामुख्याने उच्चकुलीन घराण्यांतील स्त्रियांना. सातव्या शतकात व्हिटबीची मठाधिकारिणी हिल्ड स्त्रिया व पुरुष अशा दोघांच्याही मठाची प्रमुख होती, आणि उत्तर इंग्लंडमधील चर्चने रोमची रीत स्वीकारावी की आयर्लंडची, हे ठरवणारी ६६४ ची परिषद तिच्याच मठात भरली. दहाव्या शतकात जर्मनीतील गांडर्सहाइमच्या ह्रोत्सविटाने लॅटिनमध्ये नाटके लिहिली. बाराव्या शतकातील बिंगेनची हिल्डेगार्ड हिने संगीतरचना केल्या, वनस्पती व औषधोपचार यांवर ग्रंथ लिहिले आणि पोप व सम्राटांशी पत्रव्यवहार केला. या स्त्रियांना मिस्सा, म्हणजे चर्चचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करण्यासाठी मात्र पुरुष धर्मगुरूवरच अवलंबून राहावे लागे, आणि तेराव्या शतकानंतर धर्मभगिनींनी मठाच्या भिंतींबाहेर पडूच नये असे निर्बंध अधिकाधिक कडक होत गेले.

बाराव्या-तेराव्या शतकात युरोपातील शहरे वाढली, आणि रानात जमीन कसणाऱ्या मठांकडे शहरी गरिबाला, व्यापाऱ्याला किंवा शंकेखोर विद्यार्थ्याला देण्यासारखे फारसे उरले नाही. ही पोकळी भिक्षूसंघांनी भरली. असिसीचा फ्रान्सिस आणि कास्तीलचा डॉमिनिक यांचे अनुयायी एका मठाशी बांधलेले नव्हते. ते गावोगाव फिरत, भिक्षेवर जगत आणि लोकभाषेत प्रवचने करीत. विद्यापीठांत त्यांनी थॉमस ॲक्वायनस आणि रॉजर बेकन यांच्यासारखे विचारवंत दिले, तर दुसरीकडे पाखंडाचा शोध घेणाऱ्या धर्मन्यायालयांचे काम मुख्यत्वे डॉमिनिकनांच्या हाती आले. फिरतेपणामुळेच हे भिक्षू पूर्वेकडे मंगोल दरबारापर्यंत पोचले, आणि त्याच वाटेवर मध्ययुगीन धर्मसंघांचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचा थॉमस याच्यासह चार फ्रान्सिस्कन ठाण्याला उतरले. काजीसमोर झालेल्या धर्मविषयक वादानंतर तेथील मुस्लिम अंमलदाराच्या हुकमाने त्यांना ठार मारण्यात आले. त्यांच्याबरोबर आलेला डॉमिनिकन जॉर्डानस तेव्हा पुढच्या प्रवासाला निघाला होता म्हणून वाचला, आणि त्याने मृतांचे दफन केले. काही वर्षांनी ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनपर्यंत गेला. जॉर्डानसची १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली. त्याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या वर्णनात नारळ, फणस आणि आंब्याबरोबरच मृतांना बिनछपराच्या मनोऱ्यात ठेवणाऱ्या अग्निपूजकांचीही नोंद आहे. कोकणच्या चौदाव्या शतकातील जीवनाचा विचार करताना हा छोटासा ग्रंथ मराठी अभ्यासकांनी अधिक वापरायला हवा.

मठजीवनाच्या सुधारणेचा आणि शैथिल्याचा फेरा मध्ययुगाच्या अखेरपर्यंत चालूच राहिला. बेनेडिक्टने भोजनगृहात निषिद्ध केलेले मांस खाण्यासाठी अनेक मठांनी वेगळे दालन बांधले, आणि अखेर १३३६ मध्ये पोप बाराव्या बेनेडिक्टने ठरावीक दिवशी निम्म्या मठवासीयांनी तेथे मांस खाण्यास मान्यता देऊन बाकीच्यांनी तरी मूळ भोजनगृहात बसावे असा नियम केला. तरीही मठांचा शेवट शैथिल्यामुळे झाला असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांचा शेवट झाला तो त्यांच्याकडील जमिनीवर राजसत्तेची नजर गेल्यामुळे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या अवघ्या चार वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद केले. मठवासीयांना निवृत्तिवेतन देण्यात आले, शिशाची छपरे उतरवून वितळवली गेली, ग्रंथ विखुरले, सेंट ऑल्बन्सचे ते घड्याळही नष्ट झाले. मठांच्या दारी होणारे दानधर्म त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने फार मोठे नव्हते, तरी ते थांबल्याची उणीव जाणवली आणि प्रत्येक गावावर गरिबांच्या पोषणाची जबाबदारी टाकणारे कायदे राज्याला करावे लागले, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कायदा १६०१ चा आहे. जमीन राजाने युद्धखर्चासाठी विकून टाकली आणि ती बहुतांशी दरबारी, व्यापारी व स्थानिक जमीनमालक यांच्या हाती गेली. मठांच्या जुलमाविरुद्ध पिढ्यानपिढ्या भांडलेल्या कुळांना तिच्यातून काही मिळाले नाही. त्यांच्या डोक्यावरचा मालक तेवढा बदलला.